मामाच्या क्लबचं लायसन

माझ्या मामाला आयुष्यात दोनच गोष्टी नीट कळतात, असं मामी म्हणते. एक संत्रं आणि दुसरा फुटबॉल. अमरावतीच्या बाजारात त्याची संत्र्यांची अडत आहे. हंगामात मोर्शीकडच्या बागांतून गाड्या येतात, तेव्हा मामा एक संत्रं हातात घेऊन नुसतं तोलतो आणि न सोलता सांगतो की आतल्या फोडी कोरड्या आहेत की रसाळ. तरुणपणी तो डाव्या बाजूने खेळायचा. पुढे गुडघा गेला. खेळता येईना तेव्हा त्याने क्लब काढला. क्लब म्हणजे काय, तर पंचवीस-तीस पोरं, सहा चेंडू, अडतीच्या माळ्यावर ठेवलेली गोलची जाळी, आणि एक ग्राउंड, ज्याच्यावर क्लबचा हक्क फक्त सकाळी सहा ते आठ. त्यानंतर तिथे कधी प्रदर्शन असायचं, कधी सभा, कधी कुणाचा मोठा मंडप.

मी त्याच गावात एका शाळेत भूगोल शिकवते. फुटबॉलशी माझा संबंध मामाच्या घरी चहा पिताना टीव्हीकडे बघून मान हलवण्यापुरता. तोही एका रविवारी सकाळी बदलला. मामा दारात आला, तो फोन अंगापासून लांब धरून, जणू त्यात विंचू आहे.

"बाई, हे वाच. मले एवढंच समजलं का आपल्याले बोलावलं. काहून बोलावलं, थे इंग्रजीत आहे."

देशाच्या व्यावसायिक फुटबॉल लीगकडून सगळीकडच्या क्लबांना पत्र गेलं होतं. लीगच्या सगळ्यात खालच्या पायरीवर नव्या संघांना जागा होत्या. अट एकच, क्लबला लायसन मिळालं पाहिजे. आणि लायसन कसं मिळतं ते सांगणारी एकशे चाळीस पानांची पुस्तिका सोबत जोडली होती. घरात इतकं इंग्रजी न कंटाळता वाचणारी मी एकटीच, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली.

पुढचे आठ दिवस शाळा सुटली की मी मामाकडे जायची आणि पुस्तिका समजावून सांगायची. मामा खुर्चीवर, मामी खाली गवार निवडत. पहिल्याच संध्याकाळी कळलं की चाळीस वर्षं फुटबॉलमध्ये घालवलेल्या माझ्या मामाला लीग म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होती टुर्नामेंट. हरला तो घरी, जिंकला तो पुढे, शेवटी एक शील्ड आणि एका पाहुण्याचं भाषण. आमच्याकडे आजवर सगळा फुटबॉल असाच झाला.

मी म्हटलं, "मामा, इथे सगळे सगळ्यांशी खेळतात. दोन-दोनदा. एकदा आपल्या ग्राउंडवर, एकदा त्यांच्या. जिंकलं की तीन गुण, बरोबरी झाली की एक. शेवटी ज्याचे गुण जास्त, तो पहिला."

"अन हरलं तं?"

"शून्य. पण पुढच्या रविवारी परत खेळायचं."

मामाला हे फार चमत्कारिक वाटलं. हरल्यावर परत कोणत्या तोंडाने जायचं, असं त्याचं म्हणणं. मामीने मान वर न करता सांगितलं, "माल सडला तरी दुसऱ्या दिवशी अडत उघडताच ना तुमी. तसंच थे."

त्यानंतर त्याला लीग समजली. पायऱ्यांचंही त्याला लवकर कळलं. सगळ्यात वर मोठ्या शहरांचे संघ, त्यांच्याखाली दुसरी पायरी, मग तिसरी, आणि खालून जिंकत गेलं की वर चढता येतं. अडलं ते पुढे. क्लबला कंपनी म्हणून नोंद हवी. स्वतःचं नाही तरी कराराने हक्काचं ग्राउंड हवं. भिंत हवी, दोन्ही संघांना वेगळ्या खोल्या हव्यात, पंचांची खोली हवी, औषधोपचाराची खोली हवी. मामाने सकाळी सहा ते आठच्या ग्राउंडची आठवण काढली.

असं ग्राउंड होतं, पण ते अकोल्याला. तिथल्या एका शिक्षणसंस्थेचं. त्याला पक्की भिंत होती, पायऱ्या होत्या, खोल्या होत्या, आणि ते सगळं एका माणसाच्या शब्दावर चालायचं. त्या माणसाला दोन्ही जिल्ह्यांत सगळे चाचा म्हणतात. सायकलचं दुकान आहे त्यांचं. पूर्वी गोलकीपर होते आणि अजूनही समोरून काही आलं की हात आधी पुढे जातो. चाचांकडे ग्राउंड होतं, पण चांगली पोरं नोकरीला पुण्याला गेलेली. मामाकडे पोरं होती, ग्राउंड नव्हतं. दोघांचं तीस वर्षं पटत नव्हतं, कारण कुठल्याशा फायनलमध्ये मामाने मारलेला चेंडू रेषेच्या आत होता की बाहेर, हे अजून ठरायचं होतं.

मी दोघांना फोन केले. भेट कुठे, तर ना अमरावती ना अकोला, मधे मूर्तिजापूरला. तिथे स्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही बसलो आणि पहिली पंधरा मिनिटं मूर्तिजापूर कुणाला जवळ पडतं यात गेली. मामाने गाडीतले किलोमीटर मोजले होते. चाचा म्हणाले, "तू गाडीत आला, मी एसटीत उभा राहून आलो. मंग दूर कोन आलं?"

मग नाव. अकोला आधी की अमरावती. मी भाबडेपणाने म्हटलं, बाराखडीप्रमाणे लावू. मामाने मनातल्या मनात अ-क, अ-म असं केलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी फितूर झाले. शेवटी 'वऱ्हाड' हे नाव ठरलं, कारण त्यात दोघांनाही काही वाटून घ्यावं लागत नव्हतं. ग्राउंड अकोल्याला, ऑफिस अमरावतीला, म्हणजे अडतीच्या माळ्यावर. कपड्यांचे दोन रंग लागतात, घरच्या सामन्याचा एक आणि बाहेरच्या सामन्याचा एक. चाचांनी पांढरा मागितला, मामाने संत्री. दोघंही खूश होऊन उठले. घरी परत येताना बडनेऱ्याजवळ मामाच्या लक्षात आलं की संत्री रंग बाहेरच्या सामन्यांना गेला, म्हणजे तो आपल्या लोकांसमोर कधी दिसणारच नाही.

पुस्तिकेत एक प्रकरण खेळाडूंच्या करारांचं होतं. त्यात म्हटलं होतं की खेळाडूला एका क्लबातून दुसऱ्या क्लबात जायचं तर ते बदल्यांची 'विंडो' उघडी असतानाच. चाचांनी फोनवर हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही खिडकी कोनत्या ऑफिसात आहे, बाई?"

"खिडकी म्हणजे मुदत, चाचा. वर्षातून दोनदा उघडते."

"दोनदा उघडते? मंग आपल्या तहसीलीपेक्षा बरीच."

सगळ्यात जास्त वेळ गेला तो माणसं भरण्यात. एका व्यावसायिक क्लबला इतकी पदं लागतात हे मला माहीत नव्हतं. मुख्य कार्यकारी अधिकारी मामा झाला. अध्यक्ष चाचा. डॉक्टर हवा होता, तर शेजारचे बालरोगतज्ज्ञ तयार झाले. ते खेळाडूंना जीभ दाखव म्हणायचे आणि जाताना प्रत्येकाला एक गोळी द्यायचे. प्रशिक्षकाकडे लायसन होतं, फक्त ते नेमकं कोणत्या दर्जाचं हे फाइल सापडल्यावर कळणार होतं. प्रसिद्धी अधिकारी मी, कारण माझं अक्षर चांगलं. प्रेक्षकांशी संबंध ठेवणारा एक अधिकारी लागतो, ते काम मामीला दिलं. ती म्हणाली, "भाजीबाजारात माझा सगळ्यायशी संबंध आहेच."

राहिला सुरक्षा अधिकारी. पोलिसातला निवृत्त माणूस मिळेना. चाचांनी त्यांचे एक मित्र आणले. ते वनखात्यात वनरक्षक होते, सगळी नोकरी सेमाडोहच्या जंगलात काढलेली, आता अकोल्याला मुलाकडे राहत होते. बारीक, उंच, फार कमी बोलणारे. मी त्यांना विचारलं, "काका, गर्दी सांभाळायचा अनुभव आहे का?"

ते जरा विचार करून म्हणाले, "गर्दीचा नाई. वाघाचा आहे. पन एकदम बिथरते ते दोघंबी."

मी अर्जात 'वन्यजीव व जनसंपर्क क्षेत्रातील दीर्घ अनुभव' असं लिहिलं.

अर्ज गेला. दोन महिन्यांनी उत्तर आलं की पाहणीला एक अधिकारी येईल आणि त्याच्यासमोर पूर्ण सामना, खऱ्या लीगच्या सामन्यासारखा, घेऊन दाखवायचा. म्हणजे नुसतं खेळणं नव्हे. किती मिनिटं आधी संघ ग्राउंडवर यायचा, किती आधी खेळाडूंची यादी द्यायची, किती आधी रांगेत उभं राहायचं, हे सगळं मिनिटामिनिटाने ठरलेलं असतं. मी तो तक्ता मोठ्या अक्षरांत लिहून दोन्ही खोल्यांच्या दारांवर लावला. आमच्या वार्षिक स्नेहसंमेलनातही मी इतकी ओरडले नसेन.

पाहणीला आलेला अधिकारी तिशीतला होता, बाहेरच्या राज्यातला, अतिशय नम्र. हातात टॅब, खांद्याला मोजपट्टी. त्याने भिंत मोजली, खोल्या मोजल्या, गोलची उंची मोजली. पंचांच्या खोलीत त्याला एक सायकल उभी दिसली. चाचा म्हणाले, पंच सायकलवर येणार आहेत. त्याने बराच वेळ टाइप केलं.

सामन्यासाठी दोन संघ हवे होते, म्हणून आम्ही एकाच क्लबचे दोन भाग केले. कसे केले, तर सोयीचं म्हणून गावाप्रमाणे. इथे चूक झाली. नाणेफेक होईपर्यंत तो दाखवण्याचा सामना होता. पहिल्या धक्क्यानंतर तो अमरावती विरुद्ध अकोला झाला. क्लबचे मुख्य कार्यकारी अधिकारी एका बाकावर जाऊन बसले, अध्यक्ष दुसऱ्या, आणि एकाच क्लबचे दोघे पदाधिकारी पंचाला उलटसुलट सूचना देऊ लागले. पाहणीवाल्याने मला इंग्रजीत विचारलं की यातला पाहुणा संघ कोणता. मी दोघांना विचारलं. दोघांनी एकमेकांकडे बोट केलं.

मध्यंतरात त्याने सुरक्षेची परीक्षा घेतली. तो म्हणाला, समजा पायऱ्यांच्या त्या टोकाला आग लागली आहे. प्रेक्षकांना बाहेर काढा. पायऱ्यांवर तेव्हा दोनशेएक माणसं असतील. कॉलेजची पोरं, चाचांच्या गल्लीतली मंडळी, अमरावतीहून दोन गाड्या भरून आलेले बाजारातले लोक, एक फुटाणेवाला, आणि पहिल्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन मामी. आमची माणसं एसटी लागली तरी खिडकीतून रुमाल टाकतात.

वनरक्षक काका उठून उभे राहिले आणि त्यांनी एक हात वर केला. बस, एवढंच. तालीम त्यांनी त्याच सकाळी, पाहणीवाला यायच्या आधी, मला न सांगता घेतली होती. सगळ्या पायऱ्या एकदम गप्प झाल्या. मग ती दोनशे माणसं उभी राहिली आणि हळूहळू, आवाज न करता, तोंड ग्राउंडकडेच ठेवून, उलट पावलांनी फाटकाकडे निघाली. कुणी धावलं नाही, कुणी वळलं नाही. फुटाणेवालाही टोपली पोटाशी धरून मागे मागे सरकत होता. वाघ समोर आला की पाठ दाखवायची नाही, धावायचं नाही, डोळे हलवायचे नाहीत, हे काकांनी त्यांना पक्कं शिकवलं होतं. आणि ग्राउंडच्या मधोमध एकटा पाहणीवाला टॅब घेऊन उभा होता. दोनशे माणसं त्याच्यावर नजर रोखून त्याच्यापासून दूर होत होती. तो आधी डावीकडे बघायला लागला, मग उजवीकडे, आणि शेवटी त्याने स्वतःच्या मागे वळून पाहिलं.

चार मिनिटांत पायऱ्या रिकाम्या झाल्या. तो काकांकडे आला आणि त्याने विचारलं की लोक उलटे का चालत होते. मी भाषांतर केलं.

काका म्हणाले, "पाठ केली का मानूस पयतो. पयला का पडतो."

"पण आग लागली असेल तर?"

"आगीचं मले नाई ठाऊक, साहेब. पन तुमी पाहलं ना, पडलं कोनी?"

कुणीच पडलं नव्हतं. त्याने तेही टाइप केलं. निघताना त्याने मामाचा हात हातात घेतला आणि म्हणाला की इतकी मनापासून केलेली तयारी आपण फार ठिकाणी पाहिली नाही. मामाने याचा अर्थ लायसन मिळालं असा घेतला. मी त्याला थांबवायला हवं होतं. मलाही तसंच वाटलं होतं.

महिन्याभराने कागद आला. सुरक्षा व्यवस्थेला सगळ्यात वरचा शेरा होता. पण प्रशिक्षकाचं लायसन एक पायरी कमी होतं, आणि संध्याकाळच्या सामन्यांसाठी दिवे नव्हते. लायसन नाकारलं होतं.

मामा नेहमीसारखा बाजारात गेला, लिलाव केला, जेवायला घरी आला. चार दिवस त्याने क्लबच्या पोरांना सांगितलंच नाही. पाचव्या दिवशी मी माळ्यावर गेले तर तो जाळीच्या गाठोड्यावर बसला होता.

"मी त्याईले सांगून बसलो होतो का आपन रेल्वेनं कलकत्त्याले खेळाले जाऊ," तो म्हणाला. "दोघायनं तं नव्या बॅगा आनल्या. आता कसं सांगू तूच सांग."

मी शेजारी बसून राहिले. शेवटी मामीनेच सकाळी ग्राउंडवर जाऊन पोरांना सांगितलं, प्रेक्षकांशी संबंध ठेवण्याच्या आपल्या अधिकारात. ती सांगते की पोट्ट्यांतला एक म्हणाला, "मंग आज प्रॅक्टिस आहे का नाई?"

त्या संध्याकाळी चाचांचा फोन आला. मामाने स्पीकरवर लावला.

"लायसन नाई भेटलं तं नाई भेटलं," चाचा म्हणाले. "किताब तं आहे ना आपल्यापाशी. थे तं त्यायनं वापस नाई मांगितली."

अशी आमची लीग सुरू झाली. त्याच एकशे चाळीस पानांतून मी बारा पानं मराठीत केली. दिवे, कंपनी वगैरे काढून टाकलं, बाकी ठेवलं. सहा संघ झाले: अमरावती, अकोला, मोर्शी, धामणगाव रेल्वे, मूर्तिजापूर, आणि वनरक्षक काकांनी उभा केलेला सेमाडोहचा संघ. 'वऱ्हाड' हे नाव क्लबवरून लीगवर गेलं आणि मामा-चाचा पुन्हा उघडपणे विरोधक झाले, याचं दोघांनाही समाधान वाटलं. प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे दहा सामने. गुणांचा तक्ता मी दर सोमवारी दोन प्रतींत लिहायची, एक अडतीत लागायची, एक सायकलच्या दुकानात.

नियम लिहिताना मी मामाला सांगितलं होतं की शेवटच्या क्रमांकाचा संघ खालच्या वर्गात जातो, हे कलम आपण गाळू. तो ऐकेना. म्हणाला, "खाली जाचं भेव नसलं तं शेवटच्या दिवशी कोन जीव लावून खेळंन? सगळं लिव."

लिहिलं. मामाच्या संघाचं काय चुकलं ते मी सांगू शकत नाही. पहिला बाहेरचा सामना सेमाडोहला होता. घाटातली वळणं घेत गाडी पोचली तेव्हा आमचे सहा जण रस्त्याच्या कडेला वाकलेले होते, आणि तिथली पोरं तोवर दोन चकरा मारून मोकळी झाली होती. मग धामणगावला हरलो, मग मोर्शीला, मामाच्या स्वतःच्या व्यापाऱ्यांसमोर. अकोला दुसरा आला, सेमाडोह पहिला. अमरावती सहावी, म्हणजे शेवटची.

मामा तक्ता घेऊन माझ्या शाळेत आला. स्टाफरूममध्ये बसला आणि म्हणाला, "आता खाली जा लागंन."

"मामा, खाली काही नाही. आपला एकच वर्ग आहे. जाणार कुठे?"

हे खरंच कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सगळे म्हणाले, राहू द्या. चाचा सगळ्यात आधी म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. त्यांना मामाला दोनदा हरवायची सवय लागली होती. पण मामा हटला नाही. आपणच घातलेलं कलम आपल्यावर आलं म्हणून खोडायचं, हे त्याला शोभेना. त्या उन्हाळ्यात त्याने गाडी काढली आणि दर्यापूर, अंजनगाव, वरूड, चांदूर बाजार असा फिरला. प्रत्येक गावी पोरं गोळा केली, कुणातरी मास्तरला पकडलं, माझी बारा पानं वाटली. मे संपेपर्यंत चार संघांचा दुसरा वर्ग तयार झाला, आणि जूनमध्ये मामा रीतसर त्यात उतरला.

मामी म्हणाली, "लोक खड्ड्यात पडते. हा माणूस अगोदर चार गावं हिंडून खड्डा खंदून आला, अन मंग पडला."

आता दुसऱ्या वर्षाचे सामने चालू आहेत. मामाचा संघ दुसऱ्या वर्गात तिसरा आहे. वरूडच्या पोरांनी त्याला चार गोल मारले, तेव्हा तो त्यांच्या मास्तरला शाबासकी देऊन आला. दुसरा वर्ग वाढवायला नवे अर्ज येतात. परवा एका गावाचा आला. मी केलेल्या फॉर्मात ग्राउंडची लांबी विचारली आहे. त्यांनी तिथे लिहिलं होतं, 'पुरेशी'. रुंदीच्या रकान्यात 'लांबीपेक्षा कमी'. मी तो फॉर्म परत पाठवायला काढला तर मामाने माझ्या हातातून घेतला, चष्मा लावून वाचला आणि विचारलं की यात चुकीचं काय आहे. मी त्यावर सही केली.